शहर बससेवेवरील विकिपीडिया लेखाचे संपादन : पीएमपीएमएलच्या उदाहरणासह सविस्तर मार्गदर्शन

आपल्या शहराच्या बससेवेवर विश्वकोशात लिहिणे सोपे आहे असे प्रथमदर्शनी वाटते, कारण ती बस आपण रोज पाहतो, तिच्यातून प्रवास करतो आणि तिच्याबद्दल प्रत्येकाला काही ना काही माहीत असते. प्रत्यक्षात हा विषय अवघड आहे. बसची संख्या, भाडे, मार्ग आणि अधिकारी सतत बदलत असतात, बातम्या बहुधा घोषणांच्या असतात, आणि जे आपल्याला ‘माहीत’ असते त्याचा छापील पुरावा हाताशी नसतो. त्यामुळे असे लेख दोन प्रकारे बिघडतात. काहींमध्ये कित्येक वर्षांपूर्वीचे आकडे ‘सध्या’ या शब्दामागे लपून राहतात, तर काही लेख भाडेपत्रक आणि मार्गांची यादी यांच्या भाराखाली दबून जातात आणि संस्थेबद्दल काहीच सांगत नाहीत.

या मार्गदर्शकात पुणे महानगर परिवहन महामंडळ लिमिटेड, म्हणजे पीएमपीएमएल, या संस्थेवरील मराठी विकिपीडिया लेख सुधारण्याची पद्धत टप्प्याटप्प्याने मांडली आहे. बेस्ट, नवी मुंबईची एनएमएमटी, ठाण्याची टीएमटी, एसटी किंवा गोव्याचे कदंब परिवहन यांच्या लेखांनाही ती थोड्याफार फरकाने लागू पडते. माझा आग्रह प्रामुख्याने एका गोष्टीसाठी आहे : लेखातल्या प्रत्येक आकड्याला तारीख असावी आणि तो आकडा नेमका कशाचा आहे हे वाचकाला कळावे. या दोन गोष्टी देता येत नसतील, तर तो आकडा लेखात नसलेला बरा.

पहिला टप्पा : संपादनाआधीचे वाचन

प्रथम खाते उघडावे. खात्याशिवायही संपादन करता येते, परंतु खाते असले की स्वतःची धूळपाटी (कच्चे लेखन करण्याचे पान) मिळते, लेखावर नजर ठेवण्यासाठी निरीक्षणसूची मिळते आणि इतर संपादकांना आपल्याशी बोलता येते. त्यानंतर लगेच ‘संपादन’ या कळीकडे वळू नये. लेखाचा इतिहास उघडून कोणते परिच्छेद केव्हा आले, कोणते काढले गेले आणि का काढले गेले हे पाहावे. चर्चा पानावर एखादा वाद आधीच झालेला असेल, तर तो वाचल्यावाचून त्याच मुद्द्यावर बदल करणे इतरांच्या श्रमांची उपेक्षा ठरते.

आपण स्वतः त्या संस्थेत नोकरीला असाल, तिला बस पुरवणाऱ्या ठेकेदाराकडे काम करत असाल किंवा तिच्या प्रसिद्धीचे काम घेतले असेल, तर ते आपल्या सदस्य पानावर उघडपणे नोंदवावे. मोबदला घेऊन केलेले संपादन जाहीर करणे विकिमीडिया फाउंडेशनच्या वापराच्या अटींनुसार बंधनकारक आहे. अशा व्यक्तीने थेट लेखात बदल करण्याऐवजी चर्चा पानावर स्रोतासह सूचना मांडावी आणि इतर संपादकांना निर्णय घेऊ द्यावा. कर्मचाऱ्यांकडे असलेली माहिती मोलाची असते. प्रश्न फक्त ती कोणत्या वाटेने लेखात येते एवढाच आहे.

दुसरा टप्पा : संस्था नेमकी कोणती हे ठरवणे

हा टप्पा क्षुल्लक वाटतो, पण सर्वांत जास्त चुका येथेच होतात. पीएमपीएमएल ही पुणे महानगरपालिकेची पीएमटी आणि पिंपरी-चिंचवडची पीसीएमटी या दोन सेवा एकत्र करून २००७ मध्ये कंपनी कायद्याखाली स्थापन झालेली कंपनी आहे. नावात ‘महामंडळ’ असले, तरी एसटी ज्या अर्थाने महामंडळ आहे त्या अर्थाने ती महामंडळ नाही. महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळाला १९५० च्या मार्ग परिवहन महामंडळ कायद्याचा आधार आहे. बेस्ट हा तर तिसराच प्रकार : १८७३ मध्ये ट्रामची खासगी कंपनी म्हणून सुरुवात झालेली ही संस्था ७ ऑगस्ट १९४७ रोजी मुंबई महापालिकेच्या ताब्यात आली आणि आजही ती महापालिकेचा उपक्रम आहे. कदंबच्या नावात महामंडळ असले, तरी १९८० मध्ये स्थापन झालेली ती संस्थाही कायद्याने कंपनीच आहे.

हा फरक प्रस्तावनेच्या पहिल्या दोन वाक्यांतच आला पाहिजे, कारण पुढचा सर्व मजकूर त्यावर उभा असतो. तूट कोण भरून काढते, भाडेवाढीचा निर्णय कोणत्या मंडळासमोर जातो, संचालक मंडळावर महापौर आणि आयुक्त का असतात, या प्रश्नांची उत्तरे संस्थेच्या कायदेशीर रूपातून मिळतात. पीएमपीएमएलच्या संचालन तुटीचा भार पुणे महानगरपालिका ६० टक्के आणि पिंपरी-चिंचवड महानगरपालिका ४० टक्के उचलते. हे एक वाक्य मार्गांच्या लांबलचक यादीपेक्षा वाचकाला अधिक काही सांगून जाते.

जागेच्या साधर्म्यामुळेही गोंधळ होतो. स्वारगेटला पीएमपीएमएलचे मुख्यालय आहे आणि एसटीचे मोठे आगारही आहे. २५ जानेवारी २०१२ रोजी स्वारगेटहून एक बस पळवून नेण्यात आली आणि तिच्याखाली नऊ जणांचा मृत्यू झाला, ती बस एसटीची होती. ही घटना पीएमपीएमएलच्या लेखात कोणी घातली, तर ती तेथून काढावी आणि संपादन सारांशात, म्हणजे बदल जतन करताना लिहावयाच्या टिपेत, कारण स्पष्ट लिहावे. पुणे मेट्रोचेही तसेच आहे. ६ मार्च २०२२ रोजी सुरू झालेली ही सेवा महामेट्रो ही वेगळी कंपनी चालवते. पीएमपीएमएलच्या लेखात तिचा संबंध पूरक बससेवेपुरता यावा, मेट्रोच्या मार्गिकांचे वर्णन तिच्या स्वतंत्र लेखात असावे.

तिसरा टप्पा : स्रोत गोळा करणे आणि पारखणे

विकिपीडियावर सत्य असणे पुरेसे नसते, ते प्रकाशित आणि विश्वासार्ह स्रोतातून पडताळता आले पाहिजे. शहर बससेवेसाठी स्रोतांचे तीन-चार थर उपलब्ध असतात. पहिला थर संस्थेच्या स्वतःच्या कागदपत्रांचा : वार्षिक अहवाल, अंदाजपत्रक, संकेतस्थळावरील आकडेवारी. स्थापना, मुख्यालय, आगारांची नावे अशा वादातीत गोष्टींसाठी हे कागद चालतात. स्वतःच्या कामगिरीची स्तुती करण्यासाठी चालत नाहीत. दुसरा थर त्रयस्थ संस्थांच्या अहवालांचा. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालय देशभरातील परिवहन उपक्रमांच्या कामगिरीचा आढावा प्रसिद्ध करते, आणि पुण्याजवळ भोसरीत असलेली केंद्रीय मार्ग परिवहन संस्था, म्हणजे सीआयआरटी, हीदेखील या उपक्रमांची आकडेवारी संकलित करत आली आहे. या प्रकाशनांचा मोठा फायदा असा, की त्यांत सर्व संस्थांचे आकडे एकाच व्याख्येने मांडलेले असतात. मराठी लेखांत त्यांचा वापर फारच कमी होतो, याचे मला वाईट वाटते.

तिसरा थर वृत्तपत्रांचा. लोकसत्ता, सकाळ, महाराष्ट्र टाइम्स, लोकमत यांच्या पुणे आवृत्त्यांतून या संस्थेच्या रोजच्या कारभाराचे जेवढे तपशील मिळतात तेवढे अन्यत्र मिळत नाहीत. मात्र बातमी वाचताना ती कोणत्या अवस्थेची आहे हे पाहावे. नवीन बस घेण्याचा प्रस्ताव, संचालक मंडळाचा ठराव, निविदा, कार्यारंभ आदेश, पहिल्या गाड्यांचे आगमन आणि मार्गावर प्रत्यक्ष सेवा या सहा वेगवेगळ्या घटना आहेत आणि त्यांच्यामध्ये कित्येकदा वर्षे जातात. प्रस्तावाची बातमी वाचून ‘ताफ्यात नवीन बस दाखल झाल्या’ असे लिहिणे ही चूक इतकी वारंवार होते, की ‘दाखल’ हा शब्द दिसला की स्रोत पुन्हा उघडून पाहण्याची सवय लावून घ्यावी.

आणखी एक धोका आहे. विकिपीडियावरील एखादे चुकीचे विधान घाईत लिहिलेल्या बातमीत उतरते, आणि पुढे तीच बातमी त्या विधानाचा संदर्भ म्हणून लेखात जोडली जाते. स्थापनेचे साल किंवा ‘पहिली बस’ यांसारख्या बाबतींत बातमीची तारीख आणि लेखाच्या इतिहासात ते विधान आल्याची तारीख ताडून पाहावी. विधान बातमीच्या आधीपासून लेखात असेल, तर त्या बातमीला स्वतंत्र पुरावा मानू नये.

पुण्यात माहिती अधिकाराचा वापर करणारे नागरिक पुष्कळ आहेत आणि अनेकांकडे पीएमपीएमएलकडून मिळालेली उत्तरे असतात. अशी उत्तरे कोठे प्रकाशित झालेली नसतील, तर ती लेखात संदर्भ म्हणून वापरता येत नाहीत. त्यांवर वृत्तपत्राने बातमी केली असेल किंवा एखाद्या संस्थेने अहवाल छापला असेल, तर त्या प्रकाशनाचा संदर्भ द्यावा. थांब्यावर उभे राहून स्वतः मोजलेल्या फेऱ्या, चालक-वाहकांशी झालेले बोलणे, प्रवासी गटांवरील संदेश यांनाही हाच नियम लागू आहे.

संदर्भ देताना लेखक किंवा वृत्तपत्राचे नाव, शीर्षक, तारीख आणि पाहिल्याचा दिनांक हे सर्व भरावे. मराठी वृत्तपत्रांचे दुवे काही वर्षांत बंद पडतात, हा सर्वांचा अनुभव आहे. म्हणून दुवा जोडण्यापूर्वी तो इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनवर जतन करून ती प्रतही संदर्भात द्यावी. जुन्या छापील अंकाचा किंवा पुस्तकाचा संदर्भ दुव्याशिवायही पूर्णपणे ग्राह्य आहे. पृष्ठक्रमांक मात्र द्यावा.

चौथा टप्पा : आकडे

‘ताफ्यात इतक्या बस आहेत’ हे वाक्य वरवर साधे आहे, पण त्यात किमान चार वेगवेगळे आकडे दडलेले असतात. संस्थेच्या मालकीच्या बस, ठेकेदारांकडून प्रति किलोमीटर दराने घेतलेल्या बस, या दोन्हींपैकी दुरुस्तीअभावी आगारात उभ्या असलेल्या बस, आणि एखाद्या दिवशी प्रत्यक्ष मार्गावर धावलेल्या बस. एक वृत्तपत्र पहिल्या दोहोंची बेरीज छापते, दुसरे फक्त धावणाऱ्या बस मोजते, आणि संपादक मात्र त्यांना परस्परविरोधी समजून कोणता खरा यावर वाद घालतात. बहुतेक वेळा दोन्ही खरे असतात. म्हणून वाक्याची रचनाच अशी ठेवावी : अमुक वर्षाच्या ३१ मार्च रोजी संस्थेच्या ताफ्यात एकूण इतक्या बस होत्या, त्यांपैकी इतक्या स्वतःच्या आणि इतक्या ठेकेदारांच्या होत्या, व त्या आर्थिक वर्षात दररोज सरासरी इतक्या बस मार्गावर धावल्या. स्रोतात यांपैकी एकच आकडा असेल, तर तेवढाच द्यावा आणि तो कोणता हे सांगावे.

ठेकेदारांच्या बसबाबत थोडे विवेचन लेखात असणे आवश्यक आहे. या पद्धतीत गाडी आणि चालक ठेकेदाराचे, वाहक पीएमपीएमएलचा, तिकिटाचे उत्पन्न पीएमपीएमएलचे आणि ठेकेदाराला धावलेल्या किलोमीटरनुसार पैसे, अशी विभागणी असते. २०१९ च्या फेब्रुवारीपासून आलेल्या विजेवरील बसही अशाच करारांनी आल्या. हे समजावल्यावाचून ‘संस्थेचा खर्च वाढला’ किंवा ‘संस्थेने इतक्या विद्युत बस खरेदी केल्या’ असे लिहिले, तर वाचकाची दिशाभूल होते. दुसरे विधान तर सरळ चुकीचे ठरते.

दैनंदिन प्रवासीसंख्येबाबतही सावधगिरी हवी. तिकीट काढणाऱ्यांची मोजणी यंत्रातून होते, पण पासधारक दिवसातून किती वेळा चढतो हे मोजले जात नाही. परिवहन संस्था सामान्यतः एका पासामागे ठरावीक फेऱ्या धरतात. शिवाय दोन बस बदलून कामावर जाणारा माणूस एका दिशेला दोनदा मोजला जातो. म्हणून ‘दररोज इतके लाख लोक प्रवास करतात’ असे न लिहिता ‘दररोज इतक्या लाख प्रवासांची नोंद होते’ असे लिहिणे अधिक अचूक असते. २०२०–२१ आणि २०२१–२२ या वर्षांचे आकडे टाळेबंदीमुळे वेगळे आहेत. त्यांची इतर वर्षांशी तुलना करताना ते कारण त्याच वाक्यात यावे.

उत्पन्न, खर्च आणि तूट यांचे आकडे देताना सलग काही वर्षांचा छोटा तक्ता करणे योग्य, कारण एकट्या वर्षाच्या तुटीतून काहीच कळत नाही. प्रति किलोमीटर उत्पन्न आणि प्रति किलोमीटर खर्च हे दोन आकडे शेजारी ठेवले, की तुटीचे स्वरूप अर्थशास्त्र न शिकलेल्या वाचकालाही दिसते. ‘तोट्यात चाललेली संस्था’ हा वृत्तपत्री शब्दप्रयोग विश्वकोशाने उचलू नये. जगातील बहुतेक मोठ्या शहरांत सार्वजनिक बससेवा तिकिटांच्या पैशांवर पूर्णपणे चालत नाही, तिला सार्वजनिक निधी द्यावा लागतो. त्यामुळे तूट किती आणि ती कोणी भरली हे लिहावे, निष्कर्ष वाचकावर सोडावा.

पाचवा टप्पा : काय ठेवावे, काय वगळावे

विकिपीडिया वेळापत्रक नव्हे. सर्व मार्गांचे क्रमांक, थांब्यांची नावे, पहिली आणि शेवटची बस, टप्प्यांनुसार भाडे हे सर्व उपयुक्त आहे, पण त्याची जागा संस्थेचे संकेतस्थळ किंवा ॲप ही आहे. मार्ग आणि थांबे मुक्त स्वरूपात नोंदवण्याची ज्यांना हौस आहे त्यांनी ते काम ओपनस्ट्रीटमॅप या मुक्त नकाशावर करावे. तेथे त्या श्रमांचे चीज होते. विश्वकोशात भाड्याबद्दल जे टिकते ते निर्णयाच्या रूपात येते : १ जून २०२५ पासून किमान भाडे ५ रुपयांवरून १० रुपये झाले, हे वाक्य दहा वर्षांनीही खरे राहील. भाड्याचा तक्ता तसा राहणार नाही.

मोकळी झालेली जागा इतिहासाला द्यावी, कारण तेथे खरोखर लिहिण्यासारखे पुष्कळ आहे. पुण्यातील शहर बससेवा पीएमपीएमएलच्या कितीतरी आधीची आहे. सिल्व्हर ज्युबिली मोटर्स या खासगी कंपनीच्या बस पुणेकरांनी वापरल्या, आणि पुढे ती सेवा सार्वजनिक मालकीची झाली. हा काळ लिहिताना एक साधी कसोटी उपयोगी पडते. पुणे महानगरपालिका १५ फेब्रुवारी १९५० रोजी अस्तित्वात आली, त्यापूर्वी नगरपालिका होती. म्हणून एखादा स्रोत १९५० पूर्वीच्या घटनेत ‘महानगरपालिका’ म्हणत असेल, तर त्याचे बाकीचे तपशीलही दुसऱ्या स्रोताशी ताडून घ्यावेत. पिंपरी-चिंचवडचा भाग स्वतंत्रपणे लिहावा. विलीनीकरणाच्या लेखनात पुण्याची बाजू सगळी जागा व्यापते आणि १९७० च्या दशकात सुरू झालेली पीसीएमटी एका ओळीत संपते, हे औद्योगिक वसाहतीतील कामगारांची वर्षानुवर्षे ने-आण करणाऱ्या सेवेवर अन्यायकारक आहे. पीएमटीवर पुरेसे स्रोत मिळाले तर तिचा स्वतंत्र लेख करावा. तोवर ‘पीएमटी’ हे नाव शोधणाऱ्याला पुनर्निर्देशनाने या लेखाच्या इतिहास विभागात आणून सोडावे, कारण आजही पुष्कळ पुणेकर तेच नाव घेतात.

बीआरटीचा, म्हणजे बससाठी राखीव मार्गिकांच्या योजनेचा, विभाग विशेष काळजीने लिहावा. डिसेंबर २००६ मध्ये स्वारगेट–कात्रज आणि स्वारगेट–हडपसर या रस्त्यांवर प्रायोगिक मार्गिका सुरू झाल्या. दिल्लीची मार्गिका त्यानंतर २००८ मध्ये आणि अहमदाबादची २००९ मध्ये आली. २०१५ मध्ये ‘रेनबो’ या नावाने संगमवाडी–विश्रांतवाडी आणि औंध–रावेत येथे नव्या मार्गिका आल्या. पुढे नगर रस्त्यावरील मार्गिकेचा काही भाग काढून टाकण्यात आला. या विषयावर पुण्यात तीव्र मतभेद आहेत. वाहनचालकांचे, वाहतूक पोलिसांचे, सार्वजनिक वाहतुकीच्या बाजूने काम करणाऱ्या संस्थांचे आणि नगरसेवकांचे म्हणणे ज्याच्या त्याच्या नावावर, स्रोतासह मांडावे. ‘योजना फसली’ किंवा ‘योजना हेतुपुरस्सर बुडवली’ यांपैकी कोणतेही वाक्य लेखकाच्या आवाजात येऊ नये. मार्गिका बांधणे हे महापालिकांचे काम आणि त्यांत बस चालवणे पीएमपीएमएलचे, ही जबाबदारीची वाटणीही येथेच सांगावी. ती न सांगितल्याने रस्त्याच्या कामातील दोष बस चालवणाऱ्या संस्थेच्या खात्यावर जमा होतात.

व्यवस्थापकीय संचालकांची संपूर्ण यादी देण्यापेक्षा ज्यांच्या काळात धोरण बदलले त्यांचा उल्लेख इतिहासाच्या ओघात करावा. जिवंत व्यक्तींवरील आरोप भक्कम स्रोताशिवाय एक क्षणही लेखात ठेवू नयेत. अपघातांची यादी करू नये. ज्या अपघाताने नियम किंवा कार्यपद्धती बदलली तोच लेखात यावा.

सहावा टप्पा : भाषा, चित्रे आणि जोडणी

‘पुणेकरांची जीवनवाहिनी’, ‘अत्याधुनिक’, ‘ढिसाळ कारभार’ ही सर्व विशेषणे काढावीत. ‘सध्या’, ‘नुकतेच’, ‘लवकरच’ यांच्या जागी महिना आणि वर्ष लिहावे. इंग्रजी लेखाचे यंत्राने केलेले भाषांतर तपासल्याशिवाय चिकटवू नये. डेपोला आगार, कंडक्टरला वाहक हे ठीक आहे. पण पास, बीआरटी, तिकीट हे शब्द लोकांच्या तोंडी आहेत तसेच राहू द्यावेत. संस्थेच्या संकेतस्थळावरील मजकूर जसाच्या तसा उतरवू नये. संकेतस्थळ सरकारी किंवा निमसरकारी असले म्हणजे त्यावरील मजकूर मुक्त होतो असा समज चुकीचा आहे. तथ्य घ्यावे आणि वाक्य आपले लिहावे.

छायाचित्र स्वतः काढून विकिमीडिया कॉमन्सवर क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली चढवणे सर्वांत उत्तम. बस, आगार, थांबे, बीआरटी स्थानके यांची छायाचित्रे चालतात. बोधचिन्ह, थांब्यावर लावलेला मार्गांचा नकाशा किंवा बसवरील जाहिरातच मुख्य विषय असलेले छायाचित्र चालत नाही, कारण त्यांवर इतरांचा स्वामित्वहक्क असतो. चित्राखालच्या ओळीत ठिकाण, बसचा प्रकार आणि वर्ष द्यावे. ज्या बस बाद होणार आहेत त्यांची छायाचित्रे आत्ताच काढून ठेवावीत.

लेखाच्या सुरुवातीला ठळक तपशील देणारी माहितीचौकट भरताना वर्षाशिवाय एकही आकडा घालू नये. स्थापना, मुख्यालय, मालकी, सेवाक्षेत्र, आधीच्या संस्था आणि संकेतस्थळ हे तपशील विकिडाटा या सर्व भाषांतील विकिपीडियांच्या सामाईक माहितीसंचातील नोंदीतही संदर्भासह भरावेत, म्हणजे इतर भाषांतील लेखांनाही त्यांचा उपयोग होतो.

सातवा टप्पा : जतन, चर्चा आणि देखभाल

मोठे फेरबदल धूळपाटीवर तयार करावेत, परंतु लेखात आणताना एकेक विभाग स्वतंत्रपणे जतन करावा. सर्व बदल एकाच वेळी केले आणि त्यांतील एक वाक्य कोणाला खटकले, तर संपूर्ण काम उलटवले जाण्याची शक्यता असते. प्रत्येक वेळी सारांशात काय बदलले आणि कोणत्या स्रोतावरून हे लिहावे. आपला बदल कोणी उलटवला, तर तो पुन्हा न करता चर्चा पानावर स्रोत मांडून विचारणा करावी. तेथे तोडगा निघाला नाही, तर चावडीवर, म्हणजे विकिपीडियाच्या सार्वजनिक चर्चेच्या पानावर, इतर सदस्यांचे मत मागावे. दुसऱ्याचे संदर्भहीन वाक्य खरे असण्याची शक्यता असेल, तर ते लगेच काढू नये, ‘संदर्भ हवा’ हा साचा (तयार सूचनाखूण) लावून काही काळ थांबावे.

लेख निरीक्षणसूचीत ठेवावा आणि वर्षातून दोनदा त्याची पाहणी करावी. पहिली पाहणी महापालिकांची अंदाजपत्रके मांडली गेल्यावर, कारण तेव्हा तुटीपोटी द्यावयाच्या रकमा जाहीर होतात. दुसरी पाहणी आर्थिक वर्ष संपून पुरेसा काळ गेल्यावर, म्हणजे ३१ मार्चचे ताफ्याचे आकडे आणि वार्षिक अहवाल हाती आल्यावर. नवा आकडा आला म्हणून जुना पुसू नये; तो तक्त्यात त्याच्या वर्षासमोर राहू द्यावा आणि नवा त्याच्याखाली लिहावा.